आहे त्या कामाला आधी वीज द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातल्या रोजगारावरचा आपला कालचा अग्रलेख वाचला. सरकारने मंदीच्या काळात हात सैल सोडावा, किनारपट्टीवर मोठा ऊर्जा प्रकल्प आणावा, म्हणजे इथली पोरं मुंबईची गाडी पकडायची थांबतील, असा एकंदर सूर आहे. त्यावर मतभेद असू शकतात आणि आपल्या अभ्यासाबद्दल मला आदर आहे. पण ‘कोकणी माणसाला प्रकल्प नको असतात आणि मग नोकऱ्या नाहीत म्हणून तो रडतो’ हे वाक्य छापायला नको होतं. मी मालवण तालुक्यात काजूगराचा छोटा कारखाना चालवते. आमच्याकडे काम आहे आणि काम करणारे हातही आहेत. काम थांबतं ते विजेपायी, आणि आपल्या एवढ्या लांब अग्रलेखात ही गोष्ट एकदाही आलेली नाही.

वीज तयार करायला कोकणाने कधी नकार दिला? कोयनेची बहुतेक वीज पोफळी-अलोरेच्या डोंगरात, म्हणजे चिपळूण तालुक्यात तयार होते. जयगडला 1200 मेगावॅटचं कोळशावरचं केंद्र आहे. गुहागर तालुक्यातल्या दाभोळच्या एन्रॉन वीज प्रकल्पाचा इतिहास तर आपल्याच वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं छापून आला आहे. 1992 ला सामंजस्य करार, 1995 ला रद्द, 1996 ला पुन्हा मंजूर. 1999 ला 740 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि 2001 ला बंदही पडला. त्याच वर्षाच्या अखेरीला एन्रॉन दिवाळखोरीत गेली. 2005 ला सरकारी कंपन्यांनी तो प्रकल्प उचलला, पुढे गॅसच मिळेना. लाटा अडवणारा बांध अर्धवट राहिल्यामुळे पावसाळ्यात गॅसची जहाजं धक्क्याला लागत नव्हती. शेवटी 2015 पासून रेल्वे तिथली 500 मेगावॅट वीज घेऊ लागली, म्हणून तो कसाबसा चालला. यातल्या कुठल्या पायरीवर गुहागरच्या माणसाचा नकार आडवा आला, ते अग्रलेखात लिहायला हवं होतं.

नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वेळी तीन लाख कोटींची गुंतवणूक आणि एक लाखाहून जास्त रोजगार, असं सांगितलं जात होतं. भागाकार केला तर एका नोकरीमागे जवळजवळ तीन कोटी येतात. पैसा कंपन्यांचा होता, हे मान्य. पण जमीन, पाणी, रस्ता आणि सवलती जनतेच्याच जाणार होत्या.

आता माझं सांगते. 2020 च्या आत्मनिर्भर पॅकेजमधून लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आली. यंत्रांवर 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान. योजना चांगली आहे आणि मी तिचा लाभ घेतलेला आहे. त्यातून बॉयलर, कटिंगची यंत्रं आणि विजेवरचा ड्रायर आला. गावातल्या बायका कामाला येऊ लागल्या. त्यातल्या काही जणी आधी मुंबईत घरकाम करून परत आलेल्या. म्हणजे आपण अग्रलेखात ज्याची वाट बघताय, तेच आमच्या वाडीत एवढ्याशा पैशात घडलं होतं.

काजूचं काम कसं चालतं ते थोडं सांगायला हवं. बी उकडून रात्रभर निवत ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी फोडतात. निघालेला गर सालीसकट ड्रायरमध्ये सहा-आठ तास, साधारण सत्तर अंशांवर ठेवायचा. तो नीट सुकला की साल नखाने सुटते आणि गर अखंड राहतो. मध्येच वीज गेली तर गर ओल धरतो, साल चिकटून बसते, सोलताना तुकडे पडतात. अखंड गराला जो भाव मिळतो, त्याच्या जवळपासही तुकड्याला मिळत नाही. आणि सोलणीची मजुरी किलोवर असते. आज ड्रायर बंद पडला की उद्या सोलायला गर नसतो, आणि बायका रिकाम्या हाताने घरी जातात.

गेल्या जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात आमची डीपी, म्हणजे वाडीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळली. ड्रायर भरलेला होता. वीज कार्यालयात फोन केला तर सांगितलं, साहित्य नाही, वरून यायचं आहे. दुसऱ्या दिवशी तेच उत्तर, तिसऱ्या दिवशी फोनच उचलेनात. मी स्वतः कार्यालयात गेले, तर तिथल्या साहेबांनी मलाच विचारलं, ‘जनरेटर का नाही घेत?’ डिझेल जाळून किलोमागे काय सुटतं, ते त्यांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद बघितलासुद्धा नाही. तो सगळा माल मी तुकड्याच्या भावाने काढला. बायकांना मी पदरची थोडी मजुरी दिली, पण ती दरवेळी देणं मला झेपणार नाही. त्यांच्यातली एक, जिच्या एकटीच्या कमाईवर घर चालतं, ती गणपतीनंतर पुन्हा मुंबईला निघून गेली. महिनाअखेरीला बिल आलं, त्यात स्थिर आकार पूर्ण लावलेला. वीज नव्हती त्या दिवसांचाही.

याचा राग मला वायरमनवर नाही. बिचारा भर पावसात खांबावर चढतो, आणि त्याच्या हाताखाली गावं किती दिली आहेत ते एकदा विचारा. आमच्या तारा माडांतून, काजूच्या बागांतून, जंगलातून येतात. फांदी पडली की तार तुटते. मे 2021 च्या तौक्ते वादळात किनाऱ्यावरचे खांब आडवे झाले, तेव्हा भूमिगत वाहिन्यांची भाषा सगळ्यांनीच केली. आमच्या फीडरवर, म्हणजे गावांकडे येणाऱ्या वीजवाहिनीवर, आजही तीच तार आहे. सरकारला रोजगारावर खर्च करायचाच असेल, तर वायरमनची रिकामी पदं भरावीत, पावसाळ्याआधी फांद्या तोडायला गावातलीच माणसं घ्यावीत, खांब बदलावेत, किनाऱ्यालगतच्या वाहिन्या जमिनीखाली घ्याव्यात. हाही सरकारी खर्चच आहे. यात हाताला काम लगेच मिळतं, आणि नंतर आमच्यासारख्यांचं कामही टिकतं.

छतावरच्या सौर योजनेचा उल्लेख आपण केला आहे. 2024 च्या त्या योजनेत तीन किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान मिळतं, घरांना त्याचा फायदा होतो, मी नावं ठेवत नाही. पण आमच्या शेजाऱ्यांनी पॅनेल बसवले आणि लाइन गेली तेव्हा त्यांचंही घर अंधारात होतं. लाइनला जोडलेला सौर संच लाइन गेल्यावर सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होतो. बॅटरी घ्यायची तर खर्च वेगळा. म्हणजे पुन्हा खांबापाशीच येऊन थांबतो.

सरकारी पैशाने कोकणात टिकाऊ काम उभं राहिल्याचं उदाहरण मी देते, कारण अग्रलेखात ते नाही. 1990 साली रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली. शेतकऱ्याला कलमांचे आणि खड्ड्यांचे पैसे मिळाले, शिवाय स्वतःच्याच जमिनीवर मजुरी. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राची काजूची कलमं कातळाच्या कडेपर्यंत पोचली. माझ्या वडिलांची बाग त्याच योजनेतली, वेंगुर्ला-4 जातीच्या काजूची. ती झाडं अजून धरतात आणि माझ्या कारखान्यात येणारी बरीचशी बी अशाच बागांतली असते. त्यासाठी कुणाचं घर उठवावं लागलं नाही की पोलिस बंदोबस्त लावावा लागला नाही.

बीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. गोव्यात काजू बीला सरकार आधारभूत दर देतं. आपल्याकडे 2024 ला किलोमागे 10 रुपये अनुदान जाहीर झालं, आणि तेवढ्यासाठी शेतकऱ्याने कागद गोळा करत फिरायचं. मी बी विकत घेणारी आहे, दर वाढला तर मला ती महाग पडेल. तरीही सांगते, बागायतदाराला परवडलं नाही तर पुढच्या दहा वर्षांत बागा रानात जातील. यावर आपल्या वर्तमानपत्रात वर्षभरात एक मोठी बातमी आल्याचं मला आठवत नाही.

आपल्याला एकच विनंती आहे. ठरलेल्या मुदतीत पुरवठा सुरू केला नाही तर ग्राहकाला भरपाई देण्याचा नियम वीज नियामक आयोगाने केलेला आहे. किती लोकांना तो माहीत आहे? तो सोप्या भाषेत पहिल्या पानावर छापा. आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या प्रत्येक फीडरवर गेल्या पावसाळ्यात किती तास वीज नव्हती, ही माहिती आपल्या प्रतिनिधींकडून मागवून तीही छापा. माझ्याकडच्या वहीत आमच्या वाडीच्या तारखा आणि वेळा लिहिलेल्या आहेत. हव्या असतील तर पाठवते.

आपली,
एक काजूप्रक्रिया उद्योजिका
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग
(कृपया नाव छापू नये.)