‘वावर’ तसेच राहू दे

जळगाव,
14 जुलै

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. शाळेच्या हस्तलिखितासाठी पाचवीच्या मुलांनी दिलेल्या चाळीस कवितांपैकी एकतीस कवितांत पाऊस पडतो आणि त्यांतल्या बहुतेकींत मोर नाचतो, हे वाचून मी मोठ्याने हसलो. पण यांपैकी किती जणांनी मोर पाहिला असेल, हा तुझा प्रश्न मला हसण्यावारी नेता आला नाही. मुलांना कविता लिहिण्याची गोडी कशी लावावी, असे तू विचारले आहेस. याविषयी मला जे थोडेफार उमगले, ते माझ्याच एका चुकीतून उमगले, म्हणून आधी तीच सांगतो.

फार वर्षांपूर्वी चौथीतल्या एका मुलाने वहीत दोन ओळी लिहिल्या होत्या:

माझी माय वावरात
ऊन घेते पदरात

मी तेव्हा नवा आणि शुद्ध भाषेचा कडवा अभिमानी मास्तर होतो. मी ‘माय’ खोडून ‘आई’ केले, ‘वावरात’ खोडून ‘शेतात’ केले आणि शेजारी लाल शाईने ‘छान’ असा शेराही मारला. मुलगा काही बोलला नाही. मात्र वर्ष संपेपर्यंत त्याने पुन्हा एकही ओळ दाखवायला आणली नाही. पुढे कधीतरी त्या ओळी आठवल्या, तेव्हा मी सहज बोटांवर अक्षरे मोजली. त्याच्या दोन्ही ओळी आठ-आठ अक्षरांच्या होत्या आणि शेवटी यमक होते. म्हणजे कोणी न शिकवता तो पोरगा लहान अभंगाच्या मापात लिहून गेला होता. माझी ‘माझी आई शेतात’ ही सुधारलेली ओळ सातच अक्षरांची भरली आणि यमकही ढिले पडले. चूक नेमकी कोणी केली होती, हे त्या दिवशी कळले.

हे माप त्याच्या कानात आले कुठून? आपल्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत घरोघरी भुलाबाईची गाणी होतात, देवळात हरिपाठ होतो, एखाद्या आजीला जात्यावरच्या ओव्या अजून तोंडपाठ असतात. मुले हे सारे ऐकतच मोठी होतात. आपणच त्यांना वर्गात बसवून कविता ही पुस्तकातली, परक्या भाषेतली वस्तू आहे असे पटवून देतो. म्हणून मी आता ‘कविता लिहा’ असे म्हणतच नाही. आधी घरून एक उखाणा, एक कोडे किंवा एक ओवी ऐकून यायला सांगतो, ती वर्गात म्हणायला लावतो आणि मग सगळे मिळून टाळ्यांवर तिची अक्षरे मोजतो. ओळीचा अर्थ काय, तिच्यातून बोध कोणता, हे मी विचारत नाही. तूही विचारू नकोस. त्या प्रश्नाने निम्मा वर्ग मिटून जातो.

मोजणे जमले की मोठा अभंग खेळायला घ्यावा. सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरे, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. ‘देवाचिये द्वारीं । उभा क्षणभरी । तेणें मुक्ति चारी । साधियेल्या’ हे मोजून दाखवले, की ऱ्हस्व-दीर्घाची भानगड न करता नुसती अक्षरे मोजायची आहेत हे मुलांना लगेच समजते. मापामुळे मुले जखडली जातील अशी मला भीती होती, पण झाले उलटेच. काय लिहू, हा गहन प्रश्न बाजूला पडला आणि सहावे अक्षर कुठून आणू, हा गमतीचा प्रश्न पुढे आला. मागच्या वर्षी एका मुलीने फळ्यावर लिहिले:

आजीची ती शेळी
रोज संध्याकाळी
खाते माझी पोळी
गुपचूप

शेवटचा चार अक्षरांचा चरण आला आणि वर्ग असा हसला, की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले. तो आखूड चरण मुलांना फार आवडतो. लांब उडीनंतर पाय टेकावेत तसा तो येतो.

विषयाबाबत एवढेच सांगेन, की पाऊस, झाड, आई असे मोठमोठे विषय फळ्यावर लिहू नयेत. ‘आज शाळेत येताना वाटेत काय दिसले?’ असे विचारावे. मोर आपोआप कमी होतात. यमकाचा आग्रहही सुरुवातीला नको, कारण यमकासाठी मुले खोटे लिहितात. ‘झाला’ला जोडायला हमखास ‘आला’ येतो आणि मग पाऊसही त्याच्यामागून येतो.

ज्यांना अजून नीट लिहिता येत नाही अशा पहिली-दुसरीच्या मुलांचे काय, असे तू म्हणशील. त्यांचे आपण लिहून घ्यावे. येथून जवळच असोदे हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. काम करता करता त्या जे गात, ते मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी टिपून ठेवले, म्हणून त्यांच्या निधनानंतर 1952 मध्ये ते पुस्तकरूपाने मराठी वाचकांपर्यंत पोहोचले. ते टिपताना कोणी माझ्यासारखी लाल शाई घेऊन बसले असते, तर काय उरले असते, याचा विचारही नको वाटतो. पहिलीतले मूल बोलता बोलता एखादे नवल बोलून जाते. ते त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवून, खाली त्याचे नाव घालून, दुसऱ्या दिवशी त्यालाच वाचून दाखव. आपले बोलणे कोणीतरी जपून ठेवले आहे हे पाहून त्याचा चेहरा कसा होतो, ते मला कळव.

हस्तलिखिताबद्दल एक विनंती आहे. त्यात स्पर्धा आणि क्रमांक आणू नकोस, आणि सुवाच्य अक्षराच्या एकाच मुलीकडून सगळ्या कविता उतरवून घेऊ नकोस. ज्याची कविता त्याच्याच अक्षरात राहू दे. शुद्धलेखनाचा तास निराळा असतोच. तुमच्याकडच्या बोलीतले शब्द आले आणि वाचणाऱ्यांना कळणार नाहीत असे वाटले, तर तळाशी बारीक अक्षरात अर्थ दे, पण शब्द बदलू नकोस.

वहिनींना नमस्कार. हस्तलिखित तयार झाले, की चार दिवस माझ्याकडे पाठव. पोस्टाने नको, कोणी येणारे-जाणारे असेल त्याच्या हाती दे. मोरांच्या कविताही काढू नकोस, त्यांत खरोखर मोर पाहिलेले एखादे पोर असेलच.

तुझा,
जुना बाकसोबती