कुंडीतली जुनी माती फेकू नका

महोदय,

मे महिना सरत आला की आमच्या सोसायटीत कचऱ्याच्या डब्यांशेजारी मातीची पोती दिसू लागतात. मृगाच्या आधी कुंड्या नव्याने भरायच्या म्हणून जुनी माती काढून टाकलेली. गेल्या रविवारी मी सात पोती मोजली. घंटागाडीवरची ताई त्यातलं एक ओढत होती. ओल्या मातीचं पोतं, जागचं हलेना आणि शेवटी फाटलं. आतून काळीभोर माती सांडली, झेंडूची मुळं आणि दोन जिवंत गांडुळं. मला फार वाईट वाटलं.

"त्या मातीत आता कस राहिला नाही," असं शेजारी सांगतात. कस कमी झालेला असतो हे खरं. शेणखत, पालापाचोळा कुजून संपतो, म्हणून माती खाली बसते. मुळांचं जाळं होतं आणि पाण्यातले क्षार साठून वर पांढरी पापडी धरते. पण हे सगळं दुरुस्त करता येतं. मी चौदा वर्षं गॅलरीत तीच माती वापरते आहे.

कुंडी जुन्या चादरीवर उपडी केली की कुंडीच्याच आकाराचा गड्डा बाहेर येतो, कडेनं मुळांची वेटोळी. वरची पापडी खरवडून टाकायची, गड्डा खुरप्याने फोडायचा, जाड मुळं आणि हुमणीच्या पांढऱ्या, मुडपलेल्या अळ्या वेचायच्या. गांडुळं आधीच बाजूला ठेवायची. मग माती पातळ पसरून आठ-दहा दिवस कडक ऊन द्यायचं. त्यानंतर तीन घमेली मातीला एक घमेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत मात्र पुरतं कुजलेलंच हवं, कच्च्या शेणाबरोबर हुमणी परत येते.

एका वर्षी टोमॅटोच्या मातीत मी पुन्हा टोमॅटोच लावला. रोपं खुजी राहिली, दुपारी माना टाकू लागली. उपटून पाहिलं तर मुळांवर गाठीच गाठी, सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या अगदी बारीक जंतांच्या. टोमॅटो, वांगी, मिरची ही एकाच कुळातली, म्हणून त्यांच्या मातीत आता मी पुढच्या वर्षी झेंडू लावते. रोगट माती असेल तर ती ओली करून, पारदर्शक प्लास्टिकखाली कडा नीट दाबून, उन्हाळ्यात चार ते सहा आठवडे तापवावी लागते.

२०१६ च्या घनकचरा नियमांत बागेतला कचरा वेगळा ठेवायला सांगितलं होतं. माती तर त्या कचऱ्यातही जायला नको. आपण नर्सरीतून आणतो ती लाल माती कुठली तरी टेकडी खणून आलेली असते, आणि बोटभर मातीचा थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

सोसायट्यांच्या कार्यकारिणींना माझी विनंती आहे की मे महिन्यात गच्चीचं कुलूप काढावं आणि आवारात मातीसाठी विटांचा एक चौकोन राखून ठेवावा. आमच्या गच्चीची किल्ली मी मागितली आहे. उरलेली सहा पोती सध्या माझ्या पार्किंगमध्ये आहेत. शेजाऱ्यांपैकी ज्यांना हवी असतील त्यांनी पावसाआधी न्यावीत, चाळायला मी मदत करीन.

— एक वाचक, कोथरूड, पुणे