वयाची अट पहिलीच्या अर्जावर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैद्यकीय प्रवेशाच्या किमान वयाबद्दलचा कालच्या अंकातला लेख वाचला. लेखक महाशयांनी सगळा दोष मुलांना लवकर शाळेत घालणाऱ्या पालकांच्या घाईवर टाकून मोकळे होणे मला फार लागले. सतरा वर्षे पूर्ण असावीत, या अटीशी माझे भांडण नाही. पण ज्या मुलांचे वर्ष या अटीपायी जाते त्यांच्या घरी कुणालाही कसली घाई नव्हती, हे मी जवळून पाहिले आहे.

माझी भाची 9 जानेवारी 2008 ची. 2024 साली ती बारावी चांगल्या गुणांनी पास झाली, पण त्याआधीच नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, अर्ज भरायच्या वेळी कळले की तिला परीक्षेलाच बसता येणार नाही. प्रवेशाच्या वर्षातल्या 31 डिसेंबरला सतरा पूर्ण हवीत. तिला नऊ दिवस कमी पडत होते. एमबीबीएस नाही, दंतवैद्यक नाही, आयुर्वेद नाही, होमिओपॅथी नाही, कारण सगळ्यांचा रस्ता नीटमधूनच जातो. त्याच वर्गातली तिच्याच वयाची मैत्रीण अभियांत्रिकीसाठी जेईई मेन देऊन आली. तिथे वयाची अट नाही.

आता ती पहिलीत साडेचार वर्षांची असताना कशी गेली, ते ऐका. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, त्या काळात नोकरीमुळे दुसऱ्या जिल्ह्यात होते. गावातल्या शाळेचा पट, म्हणजे मुलांची संख्या, साठावर अडकला होता. साठपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टावे मूल आले की तिसरा, असा शिक्षण हक्क कायद्याचा हिशेब. 2011 च्या पटपडताळणीनंतर (पटावरची मुले खरीच आहेत का, याची सरकारी तपासणी) तर पटाची धास्ती प्रत्येक गुरुजीच्या मनात बसली होती. पट कमी भरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि बदलीच्या यादीत जातो. मग गुरुजी जून महिन्यात अंगणवाडीच्या दारात उभे राहतात. माझ्या बहिणीला सांगितले गेले, "पोरगी हुशार आहे, बसू द्या पहिलीत, एक वर्ष वाचेल." बहीण सातवी शिकलेली, मेहुणे शेती करतात. गुरुजी सांगतात म्हणजे बरोबरच असणार, असे समजून त्यांनी अंगठ्याऐवजी अभिमानाने सही केली. बारा वर्षांनी हे वर्ष असे परत मागितले जाईल, हे त्यांना कोणी सांगायचे होते?

त्या गुरुजींवरही मला सगळा राग काढायचा नाही. पटावरचे एक नाव म्हणजे एका सहकाऱ्याची नोकरी, हे मी त्या खुर्चीत बसून अनुभवले आहे. राग आहे तो त्या व्यवस्थेवर, जी पहिलीच्या दारात काही विचारत नाही आणि मेडिकलच्या दारात कॅलेंडर पुढे करते. जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे मुलांच्या दाखल नोंदवहीत, शाळेने कोणती जन्मतारीख लिहिली त्यावर माणसाचे अख्खे आयुष्य चालते. माझ्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस 1 जूनला असतो, तो काही आमच्या आयांनी ठरवला नव्हता.

लेखात सर सी. व्ही. रामन यांचा दाखला आहे. ते अकराव्या वर्षी मॅट्रिक झाले, 1904 मध्ये पंधराव्या वर्षी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून बी.ए. झाले, हे खरेच आहे. लखनौच्या बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठानेही 2013 मध्ये तेरा वर्षांच्या मुलीला एम.एस्सी.ला घेतले होते. पण अशा चर्चेत नेहमी असामान्य मुलेच का येतात? माझी भाची रामन नाही. रोज सहा तास अभ्यास करणारी साधी मुलगी आहे. अलौकिक बुद्धीच्या मुलांसाठी विद्यापीठे नियम बाजूला ठेवतात, आणि नऊ दिवसांसाठी हिची विनंती ऐकून घ्यायला एक खिडकी नाही. कमाल वयाची अट होती तेव्हा लोक कोर्टात गेले, भांडले, आणि मार्च 2022 मध्ये ती अट उठली. सोळा वर्षांच्या मुलीचे शेतकरी वडील दिल्लीच्या कोर्टात कुठून जाणार?

तिचे ते वर्ष कसे गेले, तेही सांगते. लातूरला क्लासला घातले. तिथे तिला 'रिपीटर बॅच'मध्ये बसवले. जिने परीक्षा एकदाही दिली नाही ती रिपीटर! आजूबाजूच्या मुली विचारायच्या, "तुला पहिल्या वेळी किती पडले?" ती गप्प राहायची. पुढे प्रवेशाच्या वेळी गॅपचे, म्हणजे शिक्षणात पडलेल्या खंडाचे, प्रतिज्ञापत्र करताना कारण काय लिहू म्हणून तिने मला फोन केला. मी म्हटले, "जे खरे ते लिही बाळा, वय भरले नव्हते." 2025 चा फिजिक्सचा पेपर किती अवघड गेला ते सगळ्यांना आठवत असेल. तिला शेवटी आयुर्वेदाला प्रवेश मिळाला आणि ती मन लावून शिकते आहे. आदल्या वर्षी बसू दिले असते तर काय झाले असते, ते आता कधीच कळणार नाही, आणि याचे मला अजून वाईट वाटते.

लेखक म्हणतात, आता पहिलीला 31 डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण लागतात, त्यामुळे प्रश्न संपला. संपलेला नाही. सहा वर्षांची अट कसून पाळली जाऊ लागली त्याआधी पहिलीत बसलेली मुले आज नववी ते बारावीत आहेत. प्रत्येक शाळेने आपल्या रजिस्टरमध्ये जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखा एकदा बघाव्यात आणि ज्यांची सतरा भरणार नाहीत त्यांच्या पालकांना दहावीच्या आत बोलावून सांगावे. एका दुपारचे काम आहे. पहिलीच्या प्रवेश अर्जावरही ठळक छापावे की हे मूल बारावी होईल त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला त्याचे वय किती असेल आणि वैद्यकीयसाठी किती लागते. आणि अशा मुलांना परीक्षेला बसू देऊन त्यांचे गुण पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायला काय हरकत आहे? वय वाढायला अभ्यास लागत नाही, ते आपोआप वाढते.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. पालकांच्या घाईवरचा हा लेख ज्या अंकात आला त्याच अंकाचे पहिले पान क्लासच्या जाहिरातीचे होते. सहावीपासून नीट फाउंडेशन, खाली मुलांचे पासपोर्ट फोटो आणि गुण. पालकांना घाई शिकवणारे ते पान तुम्हीच छापलेत. जाहिराती लागतात हे मला समजते, पण मग त्याच घरातल्या आईबापांना आतल्या पानावर बोल लावू नयेत. सहावीतल्या मुलांच्या नावाने जाहिरात घेणे तरी बंद करावे, ही कळकळीची विनंती.

माझी पत्रे याआधीही कापून छापली गेली आहेत. जागा कमी असेल तर रामन यांच्याबद्दलचा मजकूर काढा, पण शाळांनी रजिस्टर तपासण्याची मागणी आणि पहिलीच्या अर्जाची मागणी कृपया तशीच ठेवा. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात, त्याआधी ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या वाचनात यायला हवी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अहमदपूर (जि. लातूर)