स्वीडिशमधले उपपद नामाच्या मागे असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीसाठी उत्तर युरोपात जाणाऱ्या तरुणांना स्वीडिश भाषेची ओळख करून देणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. गडचिरोली जिल्ह्यातल्या खेड्यात बसून स्वीडिशवर पत्र लिहिणे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु माझी मुलगी आणि जावई तीन वर्षांपासून गोथेनबर्गला आहेत, मुलगी तिथल्या नगरपालिकेच्या स्थलांतरितांसाठीच्या मोफत स्वीडिश वर्गात शिकली, आणि तिच्या गृहपाठाच्या वह्या फोनवर पाहता पाहता, शाळेत मराठी व्याकरण शिकवण्यात हयात घालवलेल्या मलाही त्या भाषेचा नाद लागला. लेखात असे म्हटले आहे की, स्वीडिशमध्ये इंग्रजी ‘द’सारखे उपपद नाही, म्हणून ती मराठी माणसाला सोपी जाते. यातला पूर्वार्ध चूक आहे; उत्तरार्ध बऱ्याच अंशी खरा असला, तरी त्याचे कारण वेगळे आहे.

स्वीडिशमध्ये उपपद आहे, फक्त ते नामाच्या मागे चिकटते. तिथले प्रत्येक नाम ‘एन’ गटातले असते किंवा ‘एट’ गटातले. जुन्या काळचे पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एकमेकांत मिसळून ‘एन’ गट झाला, नपुंसकलिंग ‘एट’ म्हणून उरले, आणि आज सुमारे तीन चतुर्थांश नामे ‘एन’ गटात आहेत. ‘एन कू’ म्हणजे एक गाय, ‘एट हूस’ म्हणजे एक घर. जिच्याविषयी बोलणे चालले आहे ती गाय म्हणायची असेल तर ‘कून’, ते घर म्हणायचे असेल तर ‘हूसेट’. पुढचा शब्दच उडी मारून मागे गेला असे प्रथमदर्शनी वाटते, मात्र मागचा प्रत्यय ‘एक’ या संख्येपासून आलेला नाही. स्वीडिशची पूर्वज असलेल्या जुन्या नॉर्स भाषेत नामानंतर येणारे ‘हिन’ हे दर्शक सर्वनाम झिजत झिजत नामाला जडले, त्याचा तो अवशेष आहे.

अनेकवचनात खरी गंमत आणि खरी अडचण आहे. ‘कूर’ म्हणजे गाई आणि ‘कूर्ना’ म्हणजे त्या गाई, इथवर ठीक. पण ‘बार्न’ म्हणजे मूल हा शब्द घ्या. ‘एट बार्न’ एक मूल, ‘बार्नेट’ ते मूल, नुसते ‘बार्न’ म्हणजे मुलेही, आणि ‘बार्नेन’ म्हणजे ती मुले. ‘बील’ म्हणजे मोटार. ‘बीलेन’ ही ती एकच मोटार, पण ‘बार्नेन’ ही पुष्कळ पोरे. शेपटी तीच, आणि वचन निराळे. म्हणूनच 1786 साली स्थापन झालेल्या स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीत नाम एकटे छापत नाहीत. त्याच्यापुढे निश्चित रूप (म्हणजे ‘कून’, ‘हूसेट’सारखे शेपटीचे रूप) आणि अनेकवचन दिलेले असते, जसे मोल्सवर्थच्या कोशापासून आपण मराठी नामापुढे लिंग देत आलो आहोत. नाम पाठ करायचे ते या रूपांसकट, हा सल्ला आपल्या लेखात हवा होता.

विशेषण आले की उपपद दोन ठिकाणी बसते. ‘एट स्टूर्ट हूस’ म्हणजे एक मोठे घर. ते मोठे घर म्हणायचे तर ‘दे स्टूरा हूसेट’. पुढे ‘दे’, विशेषणाचे बदललेले रूप आणि मागे ‘एट’, अशी एकाच गोष्टीची तीनदा नोंद होते. माझ्या मुलीने वहीत ‘दे स्टूरा हूस’ असे लिहिले होते आणि बाईंनी ‘हूस’भोवती लाल वर्तुळ काढले होते. शेजारच्या डॅनिशमध्ये तिची रचना चालून गेली असती, कारण डॅनिश लोक विशेषण असताना मागची शेपटी टाकून देतात. मीही वही मोठ्याने वाचताना तीच चूक केली, तेव्हा पहिलीत जाणारी नात पडद्यावर तोंड आणून म्हणाली, “आजोबा, हूसेट! हूसेट!” नियम विचारला तर तिला सांगता आला नाही. त्याच वेळी मालकी दाखवताना मालकीच्या वस्तूला शेपटी नको: ‘मिट हूस’ माझे घर, ‘बोन्देन्स हूस’ त्या शेतकऱ्याचे घर. (‘हूसेट्स ताक’ म्हणजे घराचे छप्पर, हे ऐकून आमच्या घरी बराच वेळ हसणे चालले होते.)

आता मराठीविषयी. उपपद नाही म्हणजे निश्चितपणाची जाणीव नाही, असा समज लेखातून होतो, तो मला मान्य नाही. ‘ते लोक मुलगी पाहायला गेले’ म्हटले की सोयरीक डोळ्यांसमोर येते आणि मुलगी कोणती ते अजून ठरायचे असते. ‘मुलीला पाहायला गेले’ म्हटले की ओळखीची, बहुधा स्वतःचीच, कदाचित दवाखान्यात असलेली मुलगी असते. सगळा फरक एका ‘ला’ने केला. अनोळखी माणूस दुधाची चौकशी करतो तेव्हा आपण म्हणतो, ‘गोठ्यात गाय आहे’. सांजेला ढोरे परतल्यावर घरधनीण विचारते तेव्हा उत्तर असते, ‘गाय गोठ्यात आहे’. शब्द तेच, जागा बदलली आणि कोणतीतरी गाय आपली गाय झाली. स्वीडिश माणूस पहिल्या वाक्यात ‘एन कू’ म्हणेल आणि दुसऱ्यात ‘कून’.

आमच्या चामोर्शी तालुक्यात तर याहून जवळचा दाखला आहे. इथे आणि मुलचेरा तालुक्यात पुनर्वसित बंगाली कुटुंबांची गावे आहेत, आणि माझ्या वर्गात त्या गावांतली मुले असत. ती आपसात ‘एक्टा बोइ’ म्हणत तेव्हा एखादे पुस्तक असे आणि ‘बोइटा’ म्हणत तेव्हा समोरचे, ठाऊक असलेले पुस्तक असे. मागे जडणाऱ्या निश्चिततेसाठी स्वीडनपर्यंत जाण्याची गरज नव्हती, ती माझ्या तिसऱ्या बाकावर बसत होती.

इंग्रजीच्या वाटेने स्वीडिश शिकणारा मराठी विद्यार्थी एके ठिकाणी उगाच फसतो. ‘हान एर बोन्दे’ म्हणजे तो शेतकरी आहे, ‘हून हार बील’ म्हणजे तिच्याकडे मोटार आहे. दोन्ही वाक्यांत नामाच्या पुढे ‘एन’ नाही आणि मागेही काही नाही. व्यवसाय सांगताना किंवा अमुक एक वस्तू अभिप्रेत नसताना स्वीडिश नाम उघडेच राहते, अगदी मराठीसारखे. इंग्रजी शिकून आलेला मुलगा तिथे सवयीने ‘एन’ घुसडतो. ज्याला ‘मोठे घर, मोठी गाडी’ असे लिंगाप्रमाणे विशेषण बदलण्याची जन्मापासून सवय आहे, त्याला ‘स्टूर्ट हूस, स्टूर बील’ शिकवायला इंग्रजीचा वळसा कशाला घ्यायचा, हे मला समजत नाही.

लेखासोबतच्या तक्त्यात ‘ते मूल’ या अर्थी ‘बार्नेन’ छापले गेले आहे. तिथे ‘बार्नेट’ हवे. पुढच्या रविवारी एवढी दुरुस्ती अवश्य छापावी, कारण तो तक्ता कापून भिंतीला लावणारे दोन विद्यार्थी माझ्याच गावात आहेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. चामोर्शी, जि. गडचिरोली