मंत्रिमहोदय, रॅम बसली, सर्व्हर बसला

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

विषय : सर्व्हरसाठी चुकीची रॅम (मशीनची चालू कामाची मेमरी) आणल्याबाबत.

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपण कामात असता, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. कोल्हापुरातल्या एका सरकारी कार्यालयात (नाव लिहीत नाही, उगाच खिडकीवरच्या कारकुनाचा बळी जायचा) जुन्या नोंदी स्कॅन करून ठेवलेला सर्व्हर आहे. मध्यंतरी तिथं कागद चिकटवला : ‘मेमरी अपग्रेडचे काम सुरू, दोन दिवस सेवा बंद, सोमवारपासून उतारे तत्काळ.’ तो सोमवार कधीच मागं पडला. काल एकदाचा सर्व्हर चालू झाला आणि आधी निदान दहा मिनिटांत उघडणारी नोंद आता उघडतच नाही. याला अपग्रेड म्हणायचं असेल तर माझा आक्षेप नाही, फक्त लेखी कळवा.

आता माझं. मुलीच्या जात प्रमाणपत्राला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. माझ्या आजोबांची नोंद त्याच सर्व्हरवर आहे. उतारा नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही म्हणून नॉन-क्रिमिलेअर नाही, आणि ते मुदतीत दिलं नाही तर पोरगी खुल्या प्रवर्गात. दोन वर्षं तिनं रात्री जागून अभ्यास केला, तिच्या आईनं क्लासच्या फीसाठी पाटल्या मोडल्या. घरात सध्या कोणी कोणाशी धड बोलत नाही. ज्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्यांच्या करवीरात एका पोरीची जागा रॅमवर अडली आहे. महाराजांनी तर हुकूम कागदावर काढला होता. कागद हँग होत नाही.

राजारामपुरीत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून आत नेमकं काय झालं ते मला कळतं. सर्व्हर दोन प्रोसेसरचा, डीडीआर४ या पिढीच्या रॅमचा. त्याला रजिस्टर्ड ईसीसी रॅम लागते. रजिस्टर्ड म्हणजे आदेश मधल्या एका चिपमार्फत घेणारी; ईसीसी म्हणजे ६४ बिटांमागं ८ बिटं जास्तीची, म्हणजे एखादा बिट (० किंवा १) उलटला तर ती चूक त्यांवरून जागच्या जागी दुरुस्त होते. निविदेत नुसतं ‘डीडीआर४’ लिहिलं, आणि सर्वांत कमी दरवाल्यानं घरगुती पीसीची साधी रॅम आणून दिली. दोन्हींना पिना २८८, खाचही एकाच जागी, त्यामुळं बसते झकास, पण मशीन सुरूच होत नाही. मग ती उपसली आणि जुन्या रॅम हाताला येईल त्या स्लॉटमध्ये कोंबल्या. कुठली रॅम कुठं, याचा नकाशा बऱ्याच सर्व्हरच्या झाकणाला आतून चिकटवलेला असतो. तो वाचायला निविदा लागत नाही. आता मशीनला निम्मीच मेमरी दिसते. उरलेला भार हार्ड डिस्कवर पडतो, आणि जिथं रॅमला सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग लागतो तिथं डिस्क शंभरावा भाग घेते. लाखपट फरक, साहेब! तुम्ही मुंबईहून विमानानं येता आणि आम्ही पायी निघतो, त्याहून वाईट.

त्यावर उत्तर काय, तर ‘दर वाढलेत, नवी निविदा काढावी लागेल.’ वाढलेत, खरं आहे. २०२५ च्या अखेरीपासून सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन हे तिघेही एआयच्या डेटा सेंटरकडं वळले आणि रॅम सोन्यासारखी महागली. पण फाइल तर त्याच्या कितीतरी आधीपासून टेबलाटेबलांवरून फिरत होती! त्या खिडकीवर रोज शंभरेक माणूस असेल. एकेकाची पाचशे रुपये हजेरी बुडते धरा : दिवसाला पन्नास हजार, महिन्याचे कामाचे दिवस वीस धरले तर दहा लाख. चुकत असेन तर दुरुस्त करा, तुमच्याकडं आकड्यांना तोटा नाही. एवढ्यात रॅम कशाला, नवा सर्व्हर आला असता. पण लोकांची बुडालेली हजेरी कुठल्या लेखाशीर्षात बसते?

आणि हे एका सर्व्हरपुरतं असतं तर मी लिहिलंच नसतं. कमी दरवाल्याचा रस्ता पहिल्या पावसात वाहून जातो, कमी दरवाल्याची रॅम सुरूच होत नाही, आणि पुढच्या निविदेला तोच कमी दरवाला पुन्हा हजर. ज्याला मशीन कळतं त्याला खरेदी समितीत कोणी बोलवत नाही, ज्यानं सही केली तो बदलून गेलेला असतो. मुंबईत एआयवर परिषदा भरतात, पाहुण्यांना शाली मिळतात, आणि इथं माणूस आजोबाचं नाव पडद्यावर दिसायची वाट बघतो. हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी कोल्हापूर काही दशकं रस्त्यावर होतं, तेव्हा कुठं १८ ऑगस्ट २०२५ ला बेंच सुरू झालं. रॅमसाठीही आता कृती समिती काढायची काय?

लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. अधिसूचित सेवा मुदतीत दिली नाही तर ५०० ते ५००० रुपये दंड, असं त्यात लिहिलंय. आजवर कुणाच्या खिशातून किती वसूल झाले ते एकदा जाहीर करा. आणि निविदेत ‘रजिस्टर्ड ईसीसी’ हे दोन शब्द घालायला सांगा.

तेही जमत नसेल तर त्या खोलीची किल्ली आणि झाकण उघडायची लेखी परवानगी पाठवा. जुन्या रॅम नकाशाप्रमाणं लावून देतो. अर्ध्या तासाचं काम आहे, बिल लावणार नाही.

आपला,
राजारामपुरीतला एक संगणक दुरुस्तीवाला
कोल्हापूर