पुतळे जंतूंचेच!

संपादक महोदय,

प्रवाळ पांढरे पडल्याच्या कालच्या बातमीला 'प्रवाळांवर जंतूंची धाड' हे शीर्षक ज्यांना सुचलं त्यांना माझा नमस्कार कळवा. प्रवाळ पांढरे पडतात ते पाणी तापल्यामुळे. त्यांच्या पेशींत राहणारं एकपेशीय शैवाल ते उष्णतेने बाहेर टाकतात, आणि प्रवाळाच्या अन्नातला अगदी ९० टक्क्यांपर्यंतचा वाटा हेच शैवाल शिजवून देत असतं. घरच्या स्वयंपाकिणीला घालवलं नि घर उपाशी राहिलं, तर त्याला तुमचे वार्ताहर 'स्वयंपाकिणीची धाड' म्हणतील काय? प्रवाळांना काही जीवाणूंमुळे रोग होतात, कबूल. पण तुमची बातमी त्या रोगांची नव्हतीच.

हे मला एवढं झोंबायचं कारण घरचं आहे. मागच्या वर्षी नातीने विज्ञान प्रदर्शनासाठी ऐरोलीच्या खाडीचं पाणी बाटलीत भरून आणलं. सूक्ष्मदर्शकाखाली होडीसारखे, सुईसारखे डायटम, म्हणजे एकपेशीय शैवाल, दिसले आणि पोरगी हरखून गेली. तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'फ्लेमिंगोंचं जेवण'. परीक्षक म्हणून आलेल्या गृहस्थांनी बाटली लांबूनच पाहिली. म्हणाले, "जंतू आहेत ना यात? हात धुतलेस का?" पहिलं बक्षीस खाण्याच्या सोड्याच्या ज्वालामुखीला. तो ज्वालामुखी मी शाळेत असतानाही फुटत होता, आणि मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून नात सूक्ष्मदर्शकाचं नाव काढत नाही.

चमचाभर समुद्राच्या पाण्यात लाखो जीवाणू असतात. त्यातला प्रोक्लोरोकॉकस तर सूर्यप्रकाशावर अन्न करणाऱ्या जीवांमध्ये संख्येने जगात पहिला, आणि त्याची ओळख पटली १९८० च्या दशकात! आपल्या श्वासातल्या प्राणवायूचं थोडं देणं त्याचंही लागतो आपण. जंतू म्हणे.

ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. नवी मुंबईत जागोजागी फ्लेमिंगोंचे गुलाबी पुतळे उभे राहिले. त्या पक्ष्यांचा गुलाबी रंग येतो तो खाद्यातल्या शैवालाच्या रंगद्रव्यातून. म्हणजे पुतळे तुमच्या जंतूंचेच झाले की! त्यांच्यापुढे सेल्फी काढणाऱ्यांना हे एकदा छापून सांगा. नातीचा तक्ता अजून माळ्यावर आहे, हवा तर पाठवतो.

जाता जाता, शब्दकोड्याची उत्तरं गेले दोन रविवार आलेली नाहीत. उभा ७ अडला आहे.

कळावे,
एक जुना वाचक, ऐरोली