सोनूला, रत्नागिरीला

सोनू,

काल तू फोन ठेवलास, मी परत लावला नाही, लावला असता तर पुन्हा तेच बोलले असते. आत्ता बाबा झोपलेत म्हणून टाईप करतेय.

मनोरुग्णालयातून बाहेर आलेल्या चार बायका, साध्या आळीत भाड्याचं घर, आणि आठवड्यातून तीन रात्री तू तिथे. दिवसा कर ना, पण रात्री तूच का? कुणी गोळी चुकवली तर? तुझ्या खोलीला आतून कडी तरी आहे का?

बघ, आलंच. सॉरी.

तू सांगितलंस ते मी वाचलं. 2017 च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात चक्क लिहिलंय, घर नाही किंवा घरचे नेत नाहीत एवढ्यासाठी कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही. तरी त्यातली एक बाई बरी होऊनही अकरा वर्षं वॉर्डात होती, कारण पत्ताच नव्हता. आता ती स्वतः बाजारात जाऊन बांगड्याचा भाव करते म्हणालीस, ते मी शेजारच्या काकूंना दोनदा सांगितलं.

डॉ. वाटवानींना 2018 ला मॅगसेसे मिळालं तेव्हा पेपरातला फोटो बघून बाबा गच्चीत जाऊन बसले होते, आठवतं? रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवतात ते. भाऊकाकांनाही पोलिसांनी मिरज स्टेशनवरून आणून सोडलं होतं, एकदा नाही, तीनदा. पण घर म्हणजे काय, तर खताच्या पोत्यांशेजारी पडवीत खाट. ताट वेगळं. त्या जर्मनच्या ताटावर खिळ्याने 'भा' मीच कोरला होता, आपल्यात मिसळू नये म्हणून. गोळ्या कधी संपल्या ते कुणी बघितलं नाही. श्रावणात गेले ते गेलेच. तू चार वर्षांची होतीस, हे तुला कधी सांगितलं नाही.

म्हणून तुला जाऊ नको म्हणायचं तोंड नाही मला, आणि भीतीही जात नाही. जेवत जा वेळेवर. घरमालकाने पुन्हा कुरकुर केली तर बाबांशी बोलू दे त्यांना.

बाबा शुक्रवारी येतायत, त्यांच्याबरोबर स्टीलची पाच ताटं देतेय, सगळी सारखी, एकावरही नाव घातलेलं नाही. आणि कडीचा फोटो पाठव.

आई